आमची वाटचाल : गणवेशापासून शेल्यापर्यंत

आम्ही सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे. चार मशीन, मी, बायको आणि कटिंगला मामा. जून-जुलैत जेवायला उसंत नसायची, दिवाळीनंतर मात्र मशीनवर चादरी पडायच्या. त्या रिकाम्या महिन्यांसाठी कराटेचे ड्रेस आणि पट्टे घेतले. ते जमले, म्हणून 14 वर्षांपूर्वी एका कुंग फू क्लासची 60 पट्ट्यांची ऑर्डर घेतली.

ती पुरती चुकली. कराटेचा पट्टा सुती, अरुंद, उभ्या टिपा मारून ताठ केलेला. आम्ही साटीन घेतलं, आत बक्रम म्हणजे कडक अस्तर घातलं आणि तसाच ताठ करून दिला. सरांनी एक बांधला, घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा घेतला आणि गाठ सुटून पट्टा पायात आला. शिवाय घामाने लाल रंग पांढऱ्या सदऱ्याला लागला. "दादा, हा शेला असतो, पट्टा नाही," एवढंच ते म्हणाले. सगळा माल आम्ही परत घेतला.

मग महिनाभर संध्याकाळी त्यांच्या क्लासला जाऊन बसलो. चीनमध्ये कमरेचा शेला मुळात दर्जा दाखवायला नव्हता. तो कपडे सावरायला आणि कंबर कसायला. शिष्याचं स्थान ठरायचं गुरूकडे आधी कोण आलं यावरून. चहाचा पेला देऊन गुरू करायचा. कॅन्टोनीजमध्ये गुरू म्हणजे सिफू, आपल्याआधी आलेला सिहिंग, नंतर आलेला सिदाई. आपण गुरुबंधू म्हणतो, त्यात त्यांनी थोरला-धाकटा वेगळा केला. मला हे फार आवडलं.

पट्ट्यांची चढण आली जपानकडून. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1883 मध्ये ज्युदोत 'दान' नावाच्या वरच्या दर्जाच्या श्रेणी सुरू केल्या आणि पट्ट्यांचे बरेचसे रंग पुढे युरोपातल्या ज्युदो क्लबांत वाढले. कुंग फूच्या शाळांनी तीच रीत शेल्यावर आणली. चीनने स्वतः 1998 मध्ये वुशूसाठी, म्हणजे चिनी युद्धकलांसाठी, नऊ पायऱ्या ठरवल्या, पण त्यांची खूण छातीवरचा बिल्ला : खाली गरुड, मध्ये वाघ, वर ड्रॅगन.

म्हणूनच रंगांचा क्रम सगळीकडे एक नाही. एका क्लासात काळा सर्वांत वर, दुसरीकडे काळ्याच्या वर लाल किंवा सोनेरी. तयार सेट विकले असते तर धंदा लवकर वाढला असता, हे मान्य. पण आम्ही सरांकडून क्रम लिहून घेतल्याशिवाय कात्री लावत नाही. मुलाने वर्षभर घाम गाळून मिळवलेला रंग आमच्या अंदाजाने ठरता कामा नये.

आता शेला मऊ, चार इंच रुंद, आत बक्रम नाही. टोकाच्या दशा बायको हाताने पिळून गाठवते. रंग लागतो का ते पाहायला प्रत्येक ताक्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात रात्रभर बांधून ठेवतो. काल लाल रंगाचा नवा ताका आला. त्याचं फडकं उद्या सकाळी सोडायचं आहे.