लाल टोपणाची सिरिंज आणि १००चं इन्सुलिन

सकाळी सव्वानऊला एक जण मोटरसायकल चालूच ठेवून काउंटरशी आला. "भाऊ, ग्लुकोज पावडर द्या. माय बोली नही राह्यनी." अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या आमच्या मेडिकलवर ग्लुकोज पावडर मे महिन्यात दिवसभर जाते. पण 'बोलत नाही' असं ऐकल्यावर पुडा हातात देण्याआधी विचारणं भाग होतं. शुगर आहे का? आहे, इन्सुलिन चालू आहे. कधी टोचलं? आठ वाजता. त्यानंतर काय खाल्लं? अर्धी भाकर. अंगाला घाम? साडी भिजली आहे.

घरी फोन लावला. पाणी पाजलं तर ओठावरून ओघळतंय, असं सून म्हणाली. तिला सांगितलं, तोंडात आता काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ला फोन करा. पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी शुगर तपासायची आणि ७०च्या खाली असेल तर पुन्हा द्यायची. गिळता येत नसेल तर मात्र तेच पाणी श्वासनलिकेत जातं.

ग्रामीण रुग्णालयात शुगर ३८ निघाली. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी, दिल्यावर आजींनी डोळे उघडले. तरी डॉक्टरांनी घरी सोडलं नाही, आणि ते बरोबरच होतं. आजींना चालू होतं त्या ३०/७० इन्सुलिनमधला ७० टक्के भाग संथपणे काम करणारा असतो. तो पुढचे कित्येक तास शुगर खाली ओढत राहतो.

आजींच्या मुलाला म्हटलं, घरातलं इन्सुलिन आणि सिरिंज दोन्ही घेऊन या. त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेलं आणलं ते ३ मिलिचं कार्ट्रिज होतं आणि सोबत नेहमीची लाल टोपणाची सिरिंज. बिल आमच्याच दुकानाचं, आदल्या संध्याकाळचं.

आजींना वर्षभर १० मिलिची बाटली चालू होती. तिच्यात एका मिलित ४० युनिट असतात आणि लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या रेघा त्याच हिशेबाने आखलेल्या असतात. कार्ट्रिज म्हणजे इन्सुलिनची लहान नळी, ती इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये घालण्यासाठी असते, त्यात एका मिलित १०० युनिट. घरात पेन नव्हतं, म्हणून त्यांनी सिरिंज कार्ट्रिजच्या रबरात खुपसून नेहमीच्या रेघेपर्यंत औषध ओढलं. संध्याकाळची १२ची रेघ म्हणजे ०.३ मिलि, आत गेले ३० युनिट. सकाळची २०ची रेघ म्हणजे अर्धा मिलि, आत गेले ५० युनिट. दोन्ही वेळा अडीचपट. रात्रीही आजी घामाघूम झाल्या होत्या. उकाड्याने झालं असेल, असं घरच्यांना वाटलं. मेच्या रात्री आमच्याकडे कोणालाही तसंच वाटेल.

याच्या उलट चूकही होते. ४०ची बाटली आणि १००साठीची केशरी टोपणाची सिरिंज. २०च्या रेघेला मग फक्त ८ युनिट जातात. अशा पेशंटला घेरी येत नाही, शुगर नुसती वाढत राहते आणि डॉक्टर डोस वाढवत जातात. ही चूक महिनोन्महिने कोणाच्या ध्यानात येत नाही.

चूक झाली कशी? बाजाराचा दिवस, संध्याकाळचे सात, शेवटच्या एसटीची घाई, काउंटरवर कामाला असलेली दोन मुलं. दुकानातला एकमेव फार्मासिस्ट मी, आणि मी मागच्या खोलीत मुदत संपलेला माल परतीसाठी मोजत होतो. बाटली संपली होती. चिठ्ठीवर ३०/७० होतं, कार्ट्रिजच्या खोक्यावरही ३०/७० होतं, त्यातल्या एका मुलाने तेच दिलं. त्याच्या मते औषध एकच, खोकं लहान. खरं तर त्या लहानशा कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात आणि भल्या मोठ्या बाटलीत ४००. मुलगा हुशार आहे, कोणती स्ट्रिप कुठल्या खणात हे त्याला माझ्याहून आधी सापडतं. पण खोक्यावरचा ४० किंवा १०० हा आकडा का वाचायचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते शिकवणं माझं काम होतं.

फार्मसी कायदा १९४८ सालचा. त्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. औषध नियमांतला (ड्रग्ज रूल्स, १९४५) नियम ६५ त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीची अट घालतो. मी दुकानात होतो, पण काउंटरवर नव्हतो. भिंतीवर माझं सर्टिफिकेट टांगलेलं होतं, आणि आजींना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. नुसतं सर्टिफिकेट भाड्याने देऊन गावाबाहेर राहणाऱ्यांची चीड मलाही येते. त्या संध्याकाळी मात्र पेशंटच्या दृष्टीने त्यांच्यात आणि माझ्यात फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी फ्रिज रिकामा करून पुन्हा लावला. बाटल्या वरच्या कप्प्यात, कार्ट्रिज खालच्या कप्प्यात झाकणाच्या डब्यात. डब्यावर जाड अक्षरांत 'पेन आहे का?' असं लिहिलं. आता इन्सुलिन मुलांनी फ्रिजमधून काढायचं, पण पिशवीत मीच घालायचं. बाटली आणि सिरिंज गिऱ्हाइकासमोर शेजारी शेजारी ठेवून ४० आणि ४० असे दोन्ही आकडे त्याच्याकडून वाचून घ्यायचे. वाचता येत नसेल तर घरी सुई कोण टोचतं ते विचारून त्या माणसाला फोन करायचा. सांगितलेली बाटली नसेल तर 'उद्या या' म्हणायचं किंवा डॉक्टरांना विचारायचं, जवळपासचं म्हणून दुसरं काही द्यायचं नाही. मी काउंटर सोडला की चिठ्ठ्या ट्रेमध्ये थांबतात. तेवढ्या वेळात ओआरएस, कापूस, बँडेज मुलं देऊ शकतात.

यात वेळ जातो. दोन-तीन औषधांची चिठ्ठी वाचून, तपासून, समजावून द्यायला मला साधारण चार मिनिटं लागतात, म्हणजे तासाला पंधरा चिठ्ठ्या. बाजाराच्या संध्याकाळी तासाला चाळीसच्या आसपास येतात. बाकीच्या पंचवीस कोण तपासतं? हे गणित कागदावर मांडून मालकांपुढे ठेवलं. आणखी एका फार्मासिस्टचा पगार परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी संध्याकाळी पाच ते नऊ दुसरा फार्मासिस्ट ठेवायचं ठरलं. माल मोजणी, परतीचा माल, बिलांचा हिशेब सकाळी अकराच्या पुढे, गर्दी नसताना.

संध्याकाळी पाचपर्यंत अजून मी एकटाच फार्मासिस्ट असतो. त्या वेळेचं बोलणं चालू आहे.