गिअरसह की गिअरविना: बेचाळिसाव्या वर्षी काढलेले लायसन्स

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या गावात माझी बदली झाली, तिथे एस.टी. सकाळी एकदा येते आणि संध्याकाळी एकदा जाते. मधल्या वेळात काही काम निघाले तर कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसण्याखेरीज इलाज नसतो. यजमान नोकरीनिमित्त मुंबईत असल्यामुळे घरची गाडी अंगणात नुसती उभी असे. थोरली मुलगी अठरा वर्षांची झाली आणि तिने लायसन्स काढायचे ठरवले, तेव्हा मीही बेचाळिसाव्या वर्षी तिच्याबरोबर अर्ज केला. गाडी शिकणे अवघड जाईल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मला अडवले ते अर्जातल्या एका चौकटीने.

‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरताना वाहनाचा वर्ग निवडावा लागतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात हे वर्ग ठरवून दिलेले आहेत: गिअर नसलेली मोटारसायकल, गिअर असलेली मोटारसायकल, दिव्यांग व्यक्तीसाठी बदल करून घेतलेले वाहन, हलके मोटार वाहन, परिवहन वाहन, रोडरोलर वगैरे. आपण ज्याला सरसकट ‘स्कूटरचे लायसन्स’ म्हणतो, ते कायद्याच्या भाषेत गिअर नसलेल्या मोटारसायकलचे असते. चारचाकीसाठी मी हलके मोटार वाहन निवडले. दुचाकीसाठी मात्र मुलीने गिअर नसलेली निवडली आणि मी गिअर असलेली. दोन्हींचे शुल्क सारखेच, आणि गिअरची परवानगी असली की स्कूटरही चालवता येते. मग कमी कशाला घ्यायचे, असा माझा हिशेब होता. चारचाकीच्या बाबतीत गाडी गिअरची आहे की ऑटोमॅटिक, हे कायदा विचारत नाही. दोन चाकांना जो प्रश्न पडतो तो चार चाकांना का पडू नये, हे मला अजूनही नीट उमगलेले नाही.

वयाच्या अटी आमच्या घरात अगदी हिरिरीने चर्चिल्या गेल्या, कारण दिरांच्या सोळा वर्षांच्या मुलालाही याच वेळी लायसन्स हवे होते. कायद्याने सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने दुचाकी चालवता येते खरी, परंतु तिच्या इंजिनाची क्षमता 50 सीसीपेक्षा जास्त असून चालत नाही. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असल्यामुळे ही सवलत जवळपास कागदावरच उरली आहे. बाकी खासगी वाहनांसाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परिवहन वाहनासाठी वीस. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी दिरांना वाचून दाखवले आणि पुतण्याचा विषय तिथेच मिटला. पुढचे काही दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता.

2021 पासून महाराष्ट्रात आधारच्या साहाय्याने शिकाऊ लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. मुलीने ती दुपारच्या जेवणाआधी दिली आणि जेवताना तिच्या फोनवर लायसन्स आलेले होते. माझ्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक मात्र कधीच बंद झालेला होता, त्यामुळे ओटीपी येणार तरी कुठे? तालुक्याच्या आधार केंद्रावर रांग लावून नवा क्रमांक जोडून घेण्यात माझे बरेच दिवस गेले. आणखी एक गोष्ट फक्त माझ्या वाट्याला आली. चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला स्वतःच्या प्रकृतीविषयीच्या घोषणापत्राखेरीज डॉक्टरांचे प्रमाणपत्रही द्यावे लागते, ज्याला नमुना 1-अ म्हणतात. आमच्या डॉक्टरांनी ते नुसती सही करून दिले नाही. मला दवाखान्याबाहेर उभे करून त्यांनी समोरच्या टेम्पोची नंबरप्लेट वाचायला लावली, कारण साधारण 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येणे अपेक्षित असते. मग लाल आणि हिरवा रंग ओळखायला लावला. चष्म्याशिवाय मला शेवटचे दोन आकडे दिसले नाहीत, आणि गेले वर्षभर मी नंबर वाढलेल्या डोळ्यांनी वह्या तपासत होते हे तेव्हा कळले.

परीक्षेत पंधरा प्रश्न होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी नऊ बरोबर यावे लागत होते. मुलांना वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिका काढून देणाऱ्या बाईंनी एका चिन्हावर अडखळावे, याचा मुलीला फार आनंद झाला. तरी मी उत्तीर्ण झाले.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालते आणि त्याच्या तारखेपासून तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या लायसन्सची चाचणी देता येत नाही. या काळात शेजारी लायसन्स असलेली शिकवणारी व्यक्ती हवी आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. चारचाकीसाठी मी ड्रायव्हिंग स्कूल लावले. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. मला वाटे, चढावर गाडी मीच सांभाळते आहे. खरे तर निम्मा क्लच तेच सांभाळत होते. दुचाकीचा सराव मी मुलीच्या स्कूटरवर केला, आणि चूक झाली ती इथेच.

आमच्या तालुक्यात परिवहन कार्यालयाची माणसे ठरलेल्या दिवशी येऊन चाचण्या घेतात. त्याला सगळे ‘कॅम्प’ म्हणतात. मे महिन्यातल्या कॅम्पला आम्ही दोघी सकाळीच पोहोचलो. आखलेल्या आठच्या आकड्यातून मुलीने पाय न टेकवता स्कूटर फिरवली. माझी पाळी आली तेव्हा निरीक्षकांनी आधी कागद पाहिला, मग स्कूटर पाहिली आणि विचारले, “मॅडम, तुमची गिअरची गाडी कुठे आहे?” ज्या वर्गासाठी अर्ज केला आहे, त्याच वर्गाच्या वाहनावर चाचणी द्यावी लागते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. कोणाची तरी मोटारसायकल मागून आणता आली असती, पण मला ती चालवता कुठे येत होती? त्या धक्क्यातच मी चारचाकीकडे गेले आणि ‘एच’च्या आकारात गाडी मागे घेताना डावीकडची काठी पाडली. नापास झाल्यावर निदान सात दिवस थांबावे लागते. आमच्याकडे मात्र पुढच्या कॅम्पपर्यंत, म्हणजे महिनाभर थांबणे आले. चाचणीचे प्रत्येक वर्गाचे 300 रुपये पुन्हा भरावे लागले ते निराळेच.

गिअरचा हट्ट सोडून स्कूटरसाठी नवा अर्ज करावा, असे घरात सर्वांचे मत पडले. दीर मात्र म्हणाले, “वहिनी, महिना आहे ना हातात? मग शिका की.” त्यांची जुनी मोटारसायकल घेऊन आम्ही सड्यावर जाऊ लागलो. कातळाचा सडा म्हणजे मैलभर सपाट मोकळी जागा. धडकायला काही नाही आणि बघायलाही कोणी नाही. दीर मागे बसत, कारण शिकाऊ माणसाच्या मागे शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसता येत नाही. पहिले चार दिवस पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना गाडी बंद पडे आणि दीर आंब्याच्या भावाविषयी बोलत राहत, जणू काही झालेच नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी डाव्या हाताचा क्लच आणि डाव्या पायाचा गिअर यांचा मेळ बसला. त्यानंतर मला चारचाकीचा क्लचही नीट कळू लागला.

त्याच फेऱ्यांमध्ये दिरांच्या लायसन्सची गोष्ट निघाली. ते छोटा हत्ती चालवतात आणि हंगामात आंब्याच्या पेट्या पोहोचवतात. त्यांच्याकडे हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स आहे, परंतु वेगळी परिवहनाची नोंद, ज्याला ते ‘टीआर’ म्हणतात, ती नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करून भरपाई नाकारेल, ही धास्ती त्यांना कायम असे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी हा प्रश्न निकालात काढला. एकूण वजन 7,500 किलोच्या आत असलेले परिवहन वाहन हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा तो निर्णय आहे. दिरांनी तो वर्तमानपत्रातून कापून गाडीच्या कप्प्यात ठेवला आहे. जड मालट्रक किंवा बस चालवायची असेल तर मात्र आजही परिवहनाची नोंद लागतेच, आणि तिचा शिकाऊ परवाना मिळण्याआधी हलके वाहन निदान वर्षभर लायसन्सवर चालवलेले असावे लागते.

पुढच्या कॅम्पला मी मोटारसायकल स्वतः चालवत गेले, दीर मागे बसले होते. निरीक्षक तेच होते. आठचा आकडा मी जरा हळू काढला, पण पाय टेकवला नाही. ‘एच’मध्ये या खेपेला काठीपेक्षा आरशाकडे जास्त लक्ष दिले.

कार्ड टपालाने घरी आले, तेव्हा शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. मी पुढची बाजू पाहिलीच नाही. मागे वळवून आधी वर्ग वाचले. दोन्ही होते. मुलीचे लायसन्स तिच्या चाळिशीपर्यंत चालेल आणि माझे दहा वर्षे, कारण पहिल्यांदा लायसन्स काढताना वय तिशीच्या आत आहे की तीस ते पन्नासच्या दरम्यान, यावर ही मुदत ठरते. मुलीला याचे फार हसू आले. सध्या ती तिची स्कूटर मला देत नाही, आणि तिच्या लायसन्सवर गिअर नसल्यामुळे दिरांची मोटारसायकल तिला नेता येत नाही. ती मी नेते.