दारात ती उभी राहिली तर?

काकू, परवा बारशाला घुगऱ्यांची वाटी हातात घेऊन तुम्ही मला बाजूला ओढलंत आणि आवाज खाली आणून विचारलंत, "उद्या तिची खरी आई दारात येऊन उभी राहिली, तर काय करशील गं?" राग आला नाही. लेकीला दत्तक घेतल्यापासूनच्या 17 वर्षांत हा प्रश्न मला बँकेतल्या बाईंनी, धाकट्या जावेनं, शाळेच्या रिक्षावाल्या काकांनी आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी, माझं तोंड उघडं असताना, विचारलेला आहे. माझं ठरलेलं उत्तर असतं, "आत बोलवीन, चहा टाकीन." लोक हसतात, विषय संपतो. तुम्ही विचारलंत म्हणून मात्र तेवढ्यावर निसटावंसं वाटलं नाही. जरा लांबून सुरुवात करते, तीही एका अमेरिकन मालिकेपासून. चालवून घ्या.

2021 साल. घराबाहेर पडायची चोरी, लेक 13 वर्षांची आणि तोंड कायम फुगलेलं. तिनं शोधून काढलेली मालिका होती 'वन्स अपॉन अ टाइम'. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर 2011 ते 2018 अशी सात पर्वं चाललेली. पऱ्या, राण्या, बुटके, चेटक्या. मला वाटलं, मुलीच्या सोबतीला बसू, बघता बघता भाजी निवडून होईल. पहिल्याच भागात मेथीची जुडी तशीच मांडीवर राहिली.

एमा स्वान नावाची बाई बोस्टनमध्ये एकटी राहते. 28वा वाढदिवस, छोट्याशा केकवर एकच मेणबत्ती, फुंकर मारते तोच दारावरची घंटा. दारात 10 वर्षांचा हेन्री. म्हणतो, मी तुझा मुलगा. तुरुंगात असताना तिनं त्याला जन्म दिला होता आणि दत्तक देऊन टाकलं होतं. ती त्याला गाडीत घालून त्याच्या गावी, मेन राज्यातल्या स्टोरीब्रुकला पोचवते, तर घरातून त्याला वाढवणारी आई धावत येते. रेजिना.

म्हणजे तुमचाच प्रश्न, काकू. फक्त पडद्यावर. आणि सोफ्यावर आम्ही दोघी. लेक माझ्याकडे बघेना, मी लेकीकडे बघेना.

पुढची कथा भराभर सांगते, कारण सगळी सांगायला बसले तर दिवाळी येईल. रेजिना ही स्नो व्हाइटच्या गोष्टीतली दुष्ट राणी. तिच्या शापानं सगळी परीकथांतली माणसं आपण कोण हे विसरून या गावात अडकली आहेत. गावातलं घड्याळ सव्वाआठवर थांबलेलं, 28 वर्षं कुणाचं वय वाढलेलं नाही. वाढतो तो एकटा हेन्री. एमा ही स्नो व्हाइट आणि राजपुत्र चार्मिंग यांची मुलगी. शाप येऊन आदळायच्या आत आईबापांनी तान्ह्या पोरीला जादूच्या कपाटात ठेवून आपल्या या जगात पाठवलं. इकडे ती रस्त्याकडेला सापडली. अंगावर लोकरी दुपटं, त्यावर दोऱ्यानं भरलेलं नाव. एका घरानं तिला नेलं, ती तीन वर्षांची असताना त्यांना स्वतःचं मूल झालं आणि त्यांनी तिला परत केलं.

परत केलं. बदलून मिळणारी साडी असल्यासारखं. या वाक्याला लेक उठून पाणी प्यायला गेली.

मालिका बघणारं सगळं जग एमाच्या बाजूचं. मी रेजिनाच्या. पहिल्याच भागात ती एमाला सुनावते, की दहा वर्षं लंगोट मी बदलले, तापात उशाशी मी बसले, हट्ट मी सोसले. तू जन्म दिला असशील, मुलगा माझा आहे. मी सोफ्यावरून टाळी वाजवायची तेवढी बाकी होती. नवरा म्हणाला, "अगं, ती चेटकीण आहे." म्हटलं, असू दे.

पण भाग पुढे सरकले तशी माझी वकिली लंगडी पडायला लागली. हेन्रीला हे सगळं एका गोष्टींच्या पुस्तकातून उमगलेलं असतं आणि ते खरं असतं. रेजिनाला ते खरं आहे हे पक्कं माहीत असतं. तरी ती त्याला म्हणते, तुझ्या मनाचे खेळ आहेत हे. त्याला डॉक्टरकडे बसवते. पोराला जे आतून कळलंय ते खोटं म्हणायचं आणि वर प्रेम करायचं. प्रेम खोटं नाही हो तिचं. तिसऱ्या पर्वात सगळं विसरलेल्या हेन्रीला पुन्हा आठवतं, तेव्हा रेजिना त्याच्या कपाळाचं चुंबन घेते आणि शाप तुटतो. या मालिकेत शाप तोडतं ते खऱ्या प्रेमाचं चुंबन. पहिल्या पर्वाच्या शेवटी एमाच्या चुंबनानं तुटला होता, इथे रेजिनाच्या. 'खरी आई कोण' हा प्रश्न लेखकांनी असा दोनदा मुका घेऊन निकालात काढला. लोकांना मी हे पाठ म्हणून दाखवते.

आता तुमच्या प्रश्नाची दुसरी बाजू, जी तुम्ही विचारली नाहीत पण डोळ्यांत होती. जिनं सोडलं तिला पोरगी माफ करेल का?

पहिल्याच भागात मेरी मार्गारेट नावाची शिक्षिका एमाला म्हणते, की दत्तक गेलेल्या प्रत्येक मुलापुढे एक प्रश्न कधी ना कधी येतोच, मला का देऊन टाकलं? म्हणून हेन्रीला तिनं ते पुस्तक दिलेलं असतं. गंमत अशी, की हीच बाई स्नो व्हाइट. जिच्याशी बोलतेय ती तिनंच सोडलेली मुलगी, आणि दोघींना पत्ता नाही. कपाटाकडे पाठवताना आईनं जे म्हटलेलं असतं, की तुझं भलं व्हावं म्हणून, तेच शब्द एमाला हेन्रीकडून ऐकायला मिळतात. मला माहितेय, माझं भलं व्हावं म्हणून तू मला दिलंस. एवढंसं पोर आईची समजूत घालतं.

मग शाप तुटतो, स्नोला सगळं आठवतं, ती एमाला कवटाळते. आपल्या मालिकांत इथे सनई वाजली असती. इथे एमा अंग चोरून उभी. तुम्ही केलंत ते बरोबरच असेल, पण त्यामुळे मी आयुष्यभर एकटी होते, असं ती सांगते. बरोबर होतं आणि दुखलं, ही दोन्ही वाक्यं तिच्याकडे शेजारी शेजारी राहतात. कारण पटलं की राग जायलाच हवा, असं आपण मुलांवर किती सहज लादतो! "बिचारीची काहीतरी अडचण असेल गं," असं मीही लेकीला ती चार वर्षांची असल्यापासून सांगत आलेय. जणू अडचण सांगितली की तिच्याकडे उरलेलं सगळं मिटलं.

पुढे पीटर पॅनच्या नेव्हरलँड बेटावर एमाला एक कोरा नकाशा मिळतो. तू खरी कोण हे कबूल केलंस तरच त्यावर रेषा उमटतील, अशी अट. शूर आहे, तारणहार आहे, सगळं सांगून होतं. नकाशा कोराच. शेवटी ती म्हणते, मी अजून अनाथच आहे. रेषा उमटतात. शेजारी तिची सख्खी आई उभी असते, तिच्याच वयाची दिसणारी. पुढे तिथल्याच एका गुहेत लपवलेलं गुपित बोलल्याशिवाय दरीवर दगडी पूल बांधला जात नाही. स्नो बोलते, की मला आणखी एक मूल हवंय, एमाचं बालपण मला मिळालंच नाही. पूल पुढे सरकतो. एमा ऐकत असते.

रम्पलस्टिल्टस्किन नावाच्या जादूगाराचं प्रकरण माझ्या नवऱ्याला सगळ्यात लागलं. मुलगा बेलफायर त्याचा हात धरून दुसऱ्या जगाच्या विवरावर लोंबकळतोय, बापानं बरोबर यायचं वचन दिलंय, आणि ऐन वेळी जादू सोडवत नाही म्हणून बाप हात सोडतो. मग त्याच मुलाला शोधायला अख्खा शाप रचतो. न्यूयॉर्कमध्ये तो सापडतो तेव्हा पोरगा बापाला तीन मिनिटं देतो, मोजून. बाप म्हणतो, काळ मागे नेतो, तुला परत 14 वर्षांचा करतो. मुलगा नको म्हणतो. त्याला रोज रात्री दिसत आलाय तो सुटणारा हात. कोऱ्या पाटीवर पुन्हा सुरू करू, हे नेहमी पाटी पुसणाऱ्यालाच सुचतं. त्या रात्री नवरा जेवताना गप्प होता. त्याच्या बाबांशी त्याचं काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

सगळंच असं जमलेलं नाही हं. झेलेना नावाची मुलगी, आईनं जंगलात टाकलेली. त्या पोरीनं दोन पर्वं उच्छाद मांडला आणि मग पाताळात आई भेटली, चार शब्द बोलली, झाली माफी, आई प्रकाशात विलीन. लेक म्हणाली, "लेखकांना जेवायला जायचं असेल." आणि कर्णाचं नाव तुम्ही काढाल त्याआधी मीच काढते: लोक मला कुंतीबद्दल ऐकवतात, कर्णाबद्दल ऐकवतात. त्याला वाढवणाऱ्या राधेबद्दल कुणी काही विचारत नाही. कुंती येऊन गेली त्या रात्री राधेला झोप लागली का?

आता मूळ मुद्दा. तिसऱ्या पर्वात कळतं, की तान्हा हेन्री घरी आणल्यावर रेजिनाला त्याच्या जन्मदात्रीचा माग लागला होता. भीतीनं ती बाळ परत करायला संस्थेत जाते, पण हातातून सोडवत नाही. मग घरी येऊन विसर पाडणारं औषध करते आणि पिऊन टाकते. ती बाई कोण, हे आता रेजिनालाही माहीत नाही. बाळ माझं, विषय संपला.

मी टीव्ही बंद केला. डोकं दुखतंय म्हणाले.

काकू, आम्ही लेकीपासून काही लपवलं नाही, असं मी चारचौघांत छातीठोक सांगते. दत्तकविधानाचा दिवस आम्ही दर वर्षी श्रीखंड करून साजरा करतो. तिच्या अंगावर आलेलं झबलं तिच्याच कपाटात आहे. तिला हेही ठाऊक आहे, की ती रस्त्यावर सापडलेली नाही, तिच्या आईनं बाल कल्याण समितीपुढे रीतसर सही करून तिला सुपूर्द केलं. 'टाकलं' आणि 'सुपूर्द केलं' यांतला फरक मी शाळेतल्या बाईंनाही समजावून आलेय. अशा सहीनंतर जन्मदात्यांना विचार बदलायला 60 दिवस असतात. तेवढ्यात ते परत आले तर मूल त्यांचं. ते दिवस उलटेपर्यंत मूल दत्तक देता येत नाही.

जे सांगितलं नव्हतं ते एवढंच. कोर्टाचा कागद हाती आला त्या दिवशी संस्थेतल्या ताई मला म्हणाल्या होत्या, "एक्केचाळिसाव्या दिवशी ती येऊन गेली होती हो. काचेतून बघितलं, मांडीवर घेतलं नाही, गेली." मी मान हलवली. बाळाचं टोपरं नीट केलं. आणि ते वाक्य असं गिळलं की नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्या 60 दिवसांत मी पडदे शिवत होते, पाळणाघरांची चौकशी करत होते. तीही कुठेतरी दिवस मोजत होती, हे मला नको होतं. मला सही करून निघून गेलेली बाई हवी होती. तिला माफ करणं सोपं होतं, आणि लेकीला तिच्याबद्दल समजुतीनं सांगणंही.

त्या रात्री लेकीला उठवून सांगितलं. ती आधी काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिनं दिलं ते मला कळतं, आई. तू का नाही सांगितलंस, ते सांग." माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं होतं, तुझं भलं व्हावं म्हणून. तोंडातून निघेना. आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. नवव्या दिवशी स्वतःच टीव्ही लावला आणि सरकून जागा केली. माफ केलं का, हे मी विचारलं नाही. अजून नाही विचारलेलं. कधीकधी भांडणात "एक्केचाळीस" एवढाच आकडा फेकते. मी गप्प बसते.

पुढच्या वर्षी ती 18 पूर्ण करेल. त्यानंतर मुळांचा शोध घ्यायला तिला स्वतः अर्ज करता येतो. समोरच्या बाईला विचारलं जातं, तिची तयारी असेल तरच गाठ पडते. अर्ज करायचा की नाही हे ठरत नाहीये, महिन्याला मत बदलतं. गेल्या आठवड्यात भांडी लावता लावता म्हणाली, "तू सगळ्यांना सांगतेस ना, चहा टाकीन म्हणून. ती चहा पिते का, हे तरी माहितेय तुला?"

माहीत नव्हतं. ताई आता निवृत्त झाल्या आहेत, तरी नंबर शोधून फोन केला. आठवतं का, म्हटलं, त्या दिवशी तिला काही दिलं होतं का? थोडा वेळ लागला त्यांना. पाऊस होता म्हणाल्या, भिजून आली होती, म्हणून मावशींनी चहा दिला होता. तिनं तो काचेपाशी नुसता हातात धरला होता, गार होईपर्यंत.