काट्यावरचा कॉम्प्युटर

कुपवाड एमआयडीसीत आमच्या गेटला लागून ट्रकचा वजनकाटा आहे. काट्याच्या केबिनमध्ये एक जुना कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि काका. महिन्यातून एकदा दुपारी काकांचा फोन ठरलेला: "ओ मॅडम, परत आपोआप बंद पडलं बघा. भायेर सात गाड्या हुब्या हायत."

आमच्याकडची सगळी विंडोज मशीन कॉन्फिगरेशन मॅनेजरवर आहेत, म्हणजे एका जागेवरून सगळ्यांना अपडेट पाठवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर. जुनी मंडळी अजून एससीसीएमच म्हणतात, मीपण. अपडेट आणि त्यानंतरचं रीस्टार्ट यासाठी मेंटेनन्स विंडो, म्हणजे परवानगीची वेळ, रात्री २ ते ५ अशी मीच लावलेली. त्यामुळे पहिल्या दोन वेळा मी काकांना छातीठोकपणे सांगितलं, की हे आमचं काम नाही, वायरिंग बघून घ्या. इलेक्ट्रिशियन येऊन बघूनही गेला.

तिसऱ्या वेळी लॉग, म्हणजे मशीन स्वतः लिहितं त्या नोंदींच्या फायली, बघायला घेतले. एससीसीएमचे हे लॉग त्या-त्या मशीनवरच असतात, विंडोजच्या आतल्या सीसीएम फोल्डरमधल्या लॉग्ज फोल्डरात. शंभराच्या आसपास फायली. नवी पोरं सगळ्या उघडत बसतात आणि तासाभराने डोकं धरतात. प्रश्न रीस्टार्टचा असेल तर रीबूट-कोऑर्डिनेटर, वेळेचा असेल तर सर्व्हिस-विंडो-मॅनेजर, अपडेटचा असेल तर अपडेट्स-डिप्लॉयमेंट आणि डब्ल्यूयूए-हँडलर. बाकीच्यांकडे ढुंकूनही बघायचं नाही.

पण मी आठवड्याने पोचले होते, आणि अपडेटच्या फायलींत त्या दिवसाची ओळच नव्हती. हे सगळ्यांनाच कधी ना कधी नडतं. मूळ सेटिंगमध्ये एक लॉग २,५०,००० बाइटपर्यंत वाढतो, म्हणजे साधारण २५० केबी. भरला की त्याच्या नावाला तारीख-वेळ जोडून तो बाजूला ठेवला जातो आणि नवा सुरू होतो. बाजूला ठेवलेली प्रतही एकच. पुढचा भरला की ती जाते.

त्यावर मी शहाणपणा केला. लॉग-लेव्हल शून्यावर आणली, वर डीबग लॉगिंगही चालू केलं, म्हणजे बारीकसारीक सगळं लिहिलं जाईल. गेलंही. इतकं, की दोन-तीन दिवस पुरणारी फाईल दिवसात भरून वाहायला लागली. पिशवी तेवढीच आणि माल दुप्पट. पुढच्या फोनच्या वेळी हातात आधीपेक्षाही कमी होतं.

मग नीट केलं. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, सीसीएमच्या लॉगिंगखाली 'ॲट ग्लोबल' नावाची की आहे, तिथे लॉग-मॅक्स-साइज ५२४२८८०, म्हणजे ५ एमबी, आणि लॉग-मॅक्स-हिस्टरी, म्हणजे बाजूला ठेवायच्या प्रती, ४. लेव्हल परत १. मग एसएमएस एजंट होस्ट ही एससीसीएमची सर्व्हिस रीस्टार्ट. एक लॉग जास्तीत जास्त २५ एमबी, शंभर धरले तर अडीच जीबी. काट्यावरच्या डिस्कला तेवढं झेपतं. आकडा टाकताना 'डेसिमल' निवडायला मात्र विसरू नका. तो चौकोन उघडतो तो हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीतल्या आकड्यांत. तसाच ५२४२८८० टाकलात तर एकेक फाईल ८२ एमबीची होईल. कसं माहीत, ते विचारू नका.

नोव्हेंबरात फोन आला तेव्हा सगळं जागेवर होतं. मी नेटवर्कवरून फोल्डर माझ्याकडे ओढला आणि रीबूट-कोऑर्डिनेटर उघडला. रीस्टार्टची वेळ: २ वाजून ४१ मिनिटं. रात्रीची. विंडोत अगदी चपखल. म्हणजे मी बरोबर आणि काका चूक?

एरवी मी सीएमट्रेस या लॉग वाचायच्या प्रोग्रॅममध्ये लॉग बघते. चुका लाल, इशारे पिवळे, डोळ्याला सोपं. त्या दिवशी घाईत फाईल नोटपॅडमध्ये उघडली होती. तिथे ओळ कच्ची दिसते, कंसांच्या जंगलासकट. वेळेला चिकटूनच एक आकडा होता: +४८०. आपल्याकडच्या लॉगमध्ये तिथे -३३० असतं. स्थानिक वेळेत किती मिनिटं मिळवली की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, मिळते, तो हा आकडा. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून वजा ३३०. अधिक ४८० म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा.

मी सरळ केबिनकडे चालत गेले. टास्कबारच्या कोपऱ्यात, घड्याळ असतं तिथे, पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवलेला.

"ते घड्याळ खुळं हाय," काका म्हणाले. "पावतीवर टाइम सर्व्हरचा येतोय, मग ह्याचं काय करायचं?"

आणि त्यांनी रजिस्टर काढलं. प्रत्येक वेळेची नोंद, निळ्या पेनाने. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर: तीन-सव्वातीन. नोव्हेंबर: सव्वाचार. "दिवाळी झाल्यावर एक तास उशिरा बंद पडाय लागलंय," हे ते मला फोनवर म्हणालेही होते; मी हसून सोडून दिलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतात. तिथली रात्रीची २:४१ तोपर्यंत आपल्याकडे दुपारी ३:११ ला होत होती, त्यानंतर ४:११ ला. मेंटेनन्स विंडो यूटीसीवर लावली नसेल तर मशीन स्वतःच्याच घड्याळाने चालतं. हे मशीन कुणीतरी मधल्या काळात हाताने इन्स्टॉल केलं होतं आणि टाइम झोन भरायचा राहिला होता.

टाइम झोन बदलायला एक कमांड पुरली. +४८० आणि तिथल्या उन्हाळी वेळेचा +४२० शोधल्यावर आणखी तीन मशीन सापडली, त्यातलं एक स्टोअरमधलं. त्यांनी कधी तक्रारच केली नव्हती. इलेक्ट्रिशियनच्या बिलाबद्दल मी अजून कुणाला काही बोललेले नाही.

डिसेंबरात मशीन रात्री पावणेतीनला रीस्टार्ट झालं. लॉगमध्ये -३३०, सगळं गुण्यागोविंदाने. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"मॅडम, रात्री केबिनमध्ये कोन आल्तं? कॉम्प्युटर चालू ठेवून गेल्तो, आता पासवर्ड मागतंय. रजिस्टरला लिहून ठेवलंय मी."