सातवा रकाना

आमच्या घरी पणजोबांच्या काळापासून एक शिकारी सुरी आहे. साडेसात इंची पाते, सांबरशिंगाच्या पट्ट्यांची मूठ आणि कडक झालेले चामडी म्यान. पणजोबा जालन्याच्या छावणीत कारकून होते आणि तेथल्या एका साहेबाने ती त्यांना दिली, एवढेच आम्ही ऐकत आलो. ती कोणी घडवली, हे कळावे म्हणून मी एका सरकारी कार्यालयात तज्ज्ञांच्या मतासाठी अर्ज केला.

त्या अर्जात सातवा रकाना होता : ‘वस्तूचे उगमस्थान व कारागिराचे नाव’. तेच जाणून घ्यायचे आहे, असे मी त्यात प्रामाणिकपणे लिहिले, तर अर्ज अपूर्ण ठरवून परत करण्यात आला. दुसऱ्या खेपेस ‘बहुधा इंग्लंड’ असे लिहिले, तेव्हा पुरावा मागितला गेला. तिसऱ्या खेपेस संबंधित लिपिक रजेवर होते आणि चौथ्या खेपेस अर्जाचा नमुनाच बदललेला होता. सातवा रकाना मात्र तसाच होता. चार महिन्यांत पाच खेपा झाल्या, पण एकदाही कोणी सुरी म्यानातून बाहेर काढून पाहिली नाही, याचा संताप अजून जात नाही.

इंग्लंडचा तर्क एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा होता. मुठीलगत पुसट इंग्रजी अक्षरांत ‘डी’ आणि ‘आर’ दिसल्याने त्याने ती शेफील्डच्या रॉजर्स कंपनीची ठरवली. रॉजर्सच्या मालावर चांदणी व माल्टीज क्रूस असतो, तो येथे नव्हता. आमच्याकडे दर दसऱ्याला शस्त्रपूजेपूर्वी सुरी चिंच आणि राखेने घासली जाई, त्यात अक्षरे झिजली होती. कोणाकडे अशी वस्तू असेल त्यांनी आधी घासणे थांबवावे.

अखेर एका रात्री खोलीतले दिवे मालवून मी विजेरी पात्याला जवळजवळ टेकवून आडवी धरली आणि सावलीत अक्षरे उठली. वरच्या ओळीत ‘डी, आर, ए, जे’ आणि खाली ‘ए, यू, आर, यू’. दुसऱ्या ‘यू’ने कोडे सोडवले, कारण इंग्रज औरंगाबादचे नाव त्या काळी तसेच लिहीत. वरचे नाव बोडराज. निजामाच्या राज्यातल्या औरंगाबादचा हा कारागीर रानडुकरांच्या शिकारीसाठी लागणाऱ्या भाल्यांच्या पात्यांमुळे इंग्रज अधिकाऱ्यांत नावाजलेला होता. जालन्याहून औरंगाबाद साठेक किलोमीटर. म्हणजे सुरी विलायतेहून आलेलीच नव्हती, ती मराठवाड्यातच घडली होती. आईला सांगितले तेव्हा तिने ती दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ पाहिली.

एक सांगायचे राहिले : पात्याची लांबी आणि रुंदी आधी मोजून ठेवावी. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांच्या कक्षेत येऊ शकते.

सहाव्या खेपेस मी सातव्या रकान्यात ‘बोडराज, औरंगाबाद’ असे लिहिले आणि सोबत अक्षरांचे छायाचित्र जोडले. अर्ज त्याच दिवशी स्वीकारला गेला.