ट्रकमध्ये स्क्रीनवाला सेट बसवताना आधी व्होल्ट बघा, मग इंच

गाणी-नकाशाचा सेट घ्यायला दुकानात गेलं की समोरचा विचारतो, "सात इंची दाखवू का नऊ इंची?" ट्रकवाल्याने त्याला उलट विचारावं, "बारा व्होल्टचा आहे का चोवीसचा?" या प्रश्नावर जो चाचरला, त्याच्याकडून सेट घेऊ नका, मग धुळ्याच्या पारोळा चौफुलीचा असो की जळगावच्या अजिंठा चौफुलीचा.

छोटा हत्ती, बोलेरो पिकअप, दोस्त या गाड्या १२ व्होल्टच्या. त्यांत कारचा कुठलाही सेट चालतो, त्यांच्यासाठी या लेखातला निम्मा भाग कामाचा नाही. दहा टायर, बारा टायर गाडीत मात्र १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) हा आकडा २८ च्या आसपास नेतो. मधल्या आकाराच्या गाड्यांत मॉडेलप्रमाणे फरक पडतो आणि दोन बॅटऱ्या दिसल्या म्हणजे २४ च असंही नाही, कारण बॅटऱ्या समांतर जोडल्या की व्होल्ट १२ च राहतात. फ्यूज बॉक्सवर मल्टिमीटर धरा. इंजिन चालू असताना १४ दाखवला तर बाराची गाडी, २८ दाखवला तर चोवीसची. वायरमनच्या तोंडी सांगण्यापेक्षा मीटरचा काटा बरा.

सेटच्या मागच्या स्टिकरवर काय छापलंय ते वाचा. नुसतं १२ व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो कारचा सेट. ९ ते ३२ किंवा १२/२४ असं लिहिलेलं असेल तर ट्रकला थेट चालतो. फक्त गाणी, रेडिओ आणि ब्लूटूथ हवं असेल तर सरळ २४ व्होल्टचा सिंगल डिन (बुटक्या खाचेत बसणारा) सेट घ्या, मधे काही भानगड नको. स्क्रीन, नकाशा, कॅमेरा हवा असेल तर २४ व्होल्टमध्ये निवड फार कमी. तिथे चांगला १२ व्होल्टचा सेट आणि सोबत तितकाच चांगला कन्व्हर्टर (चोवीसचे बारा व्होल्ट करणारी डबी) हे जास्त शहाणपणाचं. व्होल्टची लाट आली तर बहुतेक वेळा आधी कन्व्हर्टर जातो, आणि तो सेटच्या मानाने किरकोळ किमतीत बदलता येतो.

तिसरा मार्ग आपल्याकडे सर्रास चालतो, तो म्हणजे दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायचे. "चाली जाई" म्हणून वायरमन मोकळा होतो, आणि चालतंही, काही महिने. पण सेटचा भार एकाच बॅटरीवर पडतो आणि चार्जिंग मात्र दोघींना मिळून होतं. भार ओढणारी कायम अर्धपोटी राहते, दुसरीत गरजेपेक्षा जास्त चार्ज जाऊन पाणी उडतं. शेवटी दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदलाव्या लागतात. त्यातही वरच्या बॅटरीवरून जोडणी काढली असेल तर सेटची बॉडी चासीपेक्षा १२ व्होल्ट वर राहते. एफएम अँटेनाचं कव्हर केबिनच्या पत्र्याला टेकलं की ठिणगी उडते आणि वायर वितळते.

कन्व्हर्टर घेताना डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. तळहाताएवढ्या हलक्या डबीवर '२० अँपिअर' छापलेलं असेल तर तो आकडा क्षणभराचा समजा. सतत १० अँपिअर देणारा हवा. सेटच्या खोक्यावरचं '४ × ५० वॅट' हेही तसंच क्षणभराचं माप, सेट सतत त्याच्या निम्म्याहूनही कमी देतो. १२ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १२० वॅट, त्यासाठी चोवीसच्या बाजूने साधारण ६ अँपिअर ओढले जातात. म्हणून बॅटरीकडून येणाऱ्या वायरवर साडेसात अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीच्या जवळ. डॅशबोर्डजवळ फ्यूज लावून मधली तीन मीटर वायर मोकळी सोडली तर तिचं इन्सुलेशन घासून शॉर्ट झाल्यावर तो फ्यूज काही वाचवत नाही. पॉवरची वायर अडीच चौरस मिलिमीटर, स्पीकरची पाऊण ते एक.

कन्व्हर्टर डॅशबोर्डमागे फोममध्ये गुंडाळून ठेवू नका. त्याच्या ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्यांना हवा लागली पाहिजे, आणि शक्य असेल तर तो पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, उभ्या गाडीच्या काचेमागे तर त्याहून किती तरी जास्त. हीटरच्या पाइपपासून लांब ठेवा. एफएम लावल्यावर खरखर येत असेल तर दोष बहुतेक वेळा स्वस्त कन्व्हर्टरचा असतो. अँटेनाची केबल त्याच्यापासून हातभर दूर नेऊन बघा.

आता खरा सापळा. कन्व्हर्टर व्यवस्थित लावला, पिवळी आणि लाल वायर त्याच्या आउटपुटला जोडली, तरी आठ दिवसांत सेट गेला, ही तक्रार नेहमी ऐकू येते. कारण मागच्या झुबक्यातल्या बाकीच्या वायरी. पिवळी कायम करंटची, लाल चावीची, काळी अर्थची, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण नारिंगी वायर पार्किंग लाइटला जोडायची असते, म्हणजे रात्री स्क्रीन मंद होते. ट्रकमध्ये पार्किंग लाइटलाही २४ च व्होल्ट! तसंच रिव्हर्स कॅमेऱ्याला जागं करणारी वायर, ती रिव्हर्स लाइटवरून घेतली जाते. मुख्य सप्लाय बारावर आणला आणि या दोन बारीक वायरींतून सरळ २८ व्होल्ट आत सोडले, तर बोर्ड जळणारच. नारिंगी वायर जोडू नका, टोकाला स्लीव्ह चढवून बंद करा आणि ब्राइटनेस मेनूतून घड्याळावर लावा. रिव्हर्ससाठी २४ व्होल्ट कॉइलचा रिले (करंट मिळाला की आपोआप जोडणी करणारा स्विच) घ्या. कॉइलच्या दोन पिनांपैकी ८५ ला अर्थ, ८६ ला रिव्हर्स लाइटची वायर. पिन ३० ला कन्व्हर्टरचे १२ व्होल्ट, आणि पिन ८७ वरून सेटची रिव्हर्स वायर. रिव्हर्स गिअर पडला की रिले 'टक' करतो आणि सेटला बाराच मिळतात. एका रिलेचं काम, पण ते टाळल्याने जळालेले सेट कमी नाहीत.

स्पीकरच्या वायरी जोड्यांनी असतात. पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, आणि ज्या वायरवर काळी रेघ ती त्या जोडीची निगेटिव्ह. जुन्या ट्रकमध्ये स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला अर्थ केलेली सापडते. नव्या सेटला ते चालत नाही, आतली अँप्लिफायरची चिप जाते. जुनी वायरिंग सोडून प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी ओढा.

डॅशबोर्डमधली खाच मोजा. सिंगल डिन म्हणजे १८० × ५० मिलिमीटर, डबल डिन १८० × १००. बऱ्याच ट्रकमध्ये सिंगलचीच जागा असते, म्हणून सिंगल डिनच्या बुडावर नऊ-दहा इंची स्क्रीन तरंगती ठेवणारे सेट विकले जातात. दिसायला रुबाबदार. पण पाट्यांच्या सस्पेन्शनवर, विसरवाडीकडून कोंडाईबारी घाट चढताना, ती स्क्रीन एकाच बिजागरीवर दिवसभर थरथरते आणि आधी रिबन केबल सैल होते. टच मधेच चालतो, मधेच नाही, याचं कारण पुष्कळदा हेच. जागा असेल तर ट्रकला सात इंची डबल डिन बरा, आणि सेटच्या पाठीला लोखंडी पट्टी लावून ती डॅशबोर्डच्या आडव्या पाइपला बांधलेली हवी. नुसत्या पुढच्या फ्रेमच्या भरवशावर सोडू नका.

स्क्रीन दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडू नका. दुपारी बाराला बाहेर आणून, ड्रायव्हरच्या उंचीवरून, तिरकं बघा. आयपीएस पॅनल तिरक्या नजरेलाही रंग धरून ठेवतं. अँड्रॉइड सेटवर '८ जीबी रॅम' लिहिलं असलं तरी सेटिंगमधला आकडा बदलून ठेवलेला असू शकतो. नकाशा आणि गाणी एकदम लावून दोन बोटांनी झूम करा, अडखळला तर कळेलच. जपानमधून आलेला जुना सेट स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. तिथला एफएम ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि आपल्यापेक्षा खूप आधी संपतो, म्हणून आपली बरीचशी स्टेशनं त्याच्या टप्प्याबाहेर राहतात. नव्या सेटमध्येही रेडिओचा प्रदेश अमेरिका असेल तर बदलून घ्या, नाहीतर आकाशवाणी जळगाव शोधत बसाल.

नकाशासाठी माझं मत अँड्रॉइड ऑटोच्या (फोनमधला नकाशा सेटच्या स्क्रीनवर दाखवणारी सोय) बाजूने. ट्रकवर ड्रायव्हर बदलत राहतो, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, आणि नकाशा फोनमध्येच ताजा राहतो. सेटमध्ये वेगळं सिम टाकून कोण रिचार्ज करत बसणार? वायरने जोडणारं वायरलेसपेक्षा भरवशाचं, फक्त यूएसबी केबल चांगली आणि मीटरभराचीच ठेवा. धडगाव, तोरणमाळ, अक्कलकुवा भागात रेंज तुटते, म्हणून निघण्याआधी तो भाग ऑफलाइन उतरवून घ्या. जीपीएस अँटेना काचेखाली सपाट, आकाशाकडे तोंड करून चिकटवा. पत्र्याच्या छताखाली दडवली तर नकाशावर गाडी शेतातून चालते.

पण नकाशाला तुमची गाडी ट्रक आहे हे ठाऊक नसतं. गुगल मॅप्समध्ये उंची आणि वजन टाकायची सोय नाही, तो कारचाच रस्ता दाखवतो. औट्रम घाटात २०२३ मध्ये जड वाहनांना बंदी झाली, आणि चाळीसगावहून कन्नडला जवळचा म्हणून तो घाट दिसला तर स्टीअरिंग वळवण्याआधी चौकशी करा. कापूस फुगवून भरलेल्या गाडीने रेल्वेचा बोगदा नकाशाच्या भरवशावर घेऊ नये. असे अडचणीचे पॉइंट नकाशात स्वतःच सेव्ह करून ठेवलेले बरे.

चालत्या गाडीत ड्रायव्हरसमोर व्हिडिओ नको. २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमांनुसार गाडी चालवताना रस्ता दाखवणाऱ्या नकाशापुरतीच स्क्रीन बघायची मुभा आहे. ब्रेक ओढल्यावरच व्हिडिओ चालावा म्हणून सेटला पार्किंग ब्रेकची वायर असते, ती अर्थला कायमची ठोकून व्हिडिओ मोकळा करून देणारे आहेत, त्यांना नाही म्हणा.

कॅमेऱ्याची केबल मोजताना लोक बॉडीची लांबी मोजतात आणि केबिन विसरतात. इंजिनच्या कामासाठी केबिन पुढे झुकते, तेव्हा चासीवरून केबिनमध्ये शिरणारी प्रत्येक वायर ताणली जाते. ती बिजागरीच्या जवळून, मूळ हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) सोबतीने, अर्ध्या हाताचा झोल ठेवून न्या. वीस फुटी बॉडीला १५ मीटर केबल घ्या, उरलेली गुंडाळून टाय मारा. कॅमेऱ्याचा सप्लायही बाराच्या बाजूने, आणि जोडावर नुसती टेप नको, उन्हात तिचा डिंक वितळतो. हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) लावा.

पुढे कधी बॉडीवर किंवा चासीवर वेल्डिंग करायची वेळ आली तर दोन्ही बॅटऱ्यांच्या वायरी काढा आणि सेटचा, कन्व्हर्टरचा सॉकेट ओढून ठेवा.

पैसे देण्याआधी सेट अर्धा तास मोठ्या आवाजात वाजू द्या आणि कन्व्हर्टरला हात लावून बघा. गरम लागला तर हरकत नाही, पण बोट टेकववत नसेल तर तो परत. रिव्हर्स टाका, रिलेचा आवाज ऐका. मग केबिन पूर्ण झुकवा, खाली आणा, आणि पुन्हा रिव्हर्स टाका. कॅमेरा तेव्हाही दिसला तर फ्रेमचे स्क्रू कसायला सांगा.