पानाची खालची बाजू

आमचं गाव पिंपळगाव बसवंतजवळ, घरची द्राक्षबाग. छाटणीनंतर पाऊस झाला की अण्णा सकाळीच बागेत शिरायचे आणि एकेक पान उलटं करून बघायचे. डावणी रोगाची पांढरी बुरशी पानाच्या खालून येते. मी शाळेत असल्यापासून त्यांच्या मागे फिरायचे, दोन-दोन तास, पण कधी कंटाळा आला नाही. हा गुण आहे, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं.

मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. झाल्यावर हाताला काम हवं म्हणून नाशकातल्या एका छोट्या हॉस्पिटलात रिसेप्शनला लागले. दिवसभर फोन, नातेवाईकांची गर्दी, बिलावरून वादावादी. माणसं वाईट नव्हती, पण सतत बोलणं मला झेपेना. सहा महिन्यांत सुकून गेले. जेवणाच्या सुट्टीत मी लॅबच्या दारात उभी राहायचे. एक दिवस तिथल्या मॅडमच म्हणाल्या, "डीएमएलटी का करत नाहीस?" लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा तो. केला.

आता लॅबमध्ये अकरा वर्षं झाली. पावसाळा सरता सरता डेंग्यूचे पेशंट वाढतात, तेव्हाची एक रात्र सांगते. सातपूरच्या एका मुलाच्या प्लेटलेट मशीनने 28,000 दाखवल्या, म्हणजे फारच कमी. घरचे प्लेटलेटच्या पिशवीसाठी धावायच्या तयारीत. सिस्टरला विचारलं तर अंगावर ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. मी काचेवर थेंब ओढला, रंगवला, वाळवला आणि मायक्रोस्कोपला तेलाची लेन्स लावली. पसरलेल्या रक्ताच्या शेपटाकडे प्लेटलेटचे घोसच्या घोस! जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं. काहींच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात आणि मशीनच्या मोजणीतून सुटतात. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नवीन रक्त घेऊन लगेच चालवलं. 1,52,000 आले. त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून आकडा 1.1 ने गुणायचा: 1,67,000. पॅथॉलॉजिस्ट सरांनी स्वतः स्लाइड पाहिली आणि रिपोर्टवर सही केली. मुलाची आई भिंतीला टेकून खालीच बसली. त्या रात्री मला अण्णांची फार आठवण आली.

हे सगळं आठवलं ते शेजारच्या मुलीमुळे. बारावी सायन्स, नीटला मार्क कमी पडले, घरात सुतकी वातावरण. डॉक्टर नाही तर काहीच नाही, असं आपल्याकडे पोरांच्या डोक्यात का भरवतात, मला खरंच राग येतो. आपलं आरोग्य विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे. त्याच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल पदवीत लॅब, एक्स-रे, ऑपरेशन थिएटर असे वेगवेगळे विषय घेता येतात. माझी बी.कॉम. झालेली मैत्रीण हॉस्पिटलच्या विम्याच्या डेस्कवर आहे, तिच्याइतकं नेटकं कागदपत्र कुणाचं नसतं.

शेजारच्या त्या मुलीला म्हटलं, "कोर्सचं मग बघू. तुला कंटाळा कशाचा येत नाही?"

"ताई, बोलायचा."

म्हणजे माझी लॅब तिच्या कामाची नाही. इन्चार्ज सरांना विचारून तिला डायलिसिसच्या खोलीत नेलं. तिथे तेच पेशंट आठवड्यातून दोन-तीनदा येतात, चार-चार तास मशीनला जोडलेले असतात. टेक्निशियनला मशीनचा दाब बघता बघता माणसाचा चेहराही वाचावा लागतो. सिन्नरच्या एका आजोबांजवळ तिला बसवून मी कामाला गेले. तासाभराने आले तर कांद्याच्या भावावरून गप्पा रंगलेल्या.

"चल, निघूया."

"ताई, आजोबांचे अजून दोन तास आहेत. मी थांबते."